कागदावर नसलेली पणजी: हॅरिस नेकच्या एका गाण्याचं प्रकरण

अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यातलं कृष्णवर्णीय कुटुंब आपल्या पूर्वजांचा शोध घ्यायला बसलं, की बहुतेक वेळा तो शोध १८७० सालाशी येऊन अडतो. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती त्या वर्षी. त्याआधीच्या, म्हणजे १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते असत. वर मालकाचं नाव आणि खाली ओळीनं वय, लिंग, वर्ण. बाई, वय पस्तीस, काळी. मुलगा, वय बारा, काळा. नावाचा रकाना कोराच. त्यामुळे खापरपणजीला शोधायचं तर आधी तिच्या मालकाला शोधायचं, मग त्याचं मृत्युपत्र, त्याच्या कर्जाचे कागद, मालमत्तेच्या वाटणीच्या याद्या. तिथे बैल, नांगर, खाटा यांच्या रांगेत एखादं नाव हाती लागतं, आणि तेही बहुधा मालकानंच ठेवलेलं असतं.

इथे मांडतो आहे ते प्रकरण जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरच्या एका कुटुंबाचं आहे. १८७० च्या पलीकडे नेणारा धागा त्यांच्या घरात होता. तो होता मोजक्या ओळींच्या एका गाण्यात, आणि त्या गाण्याच्या एकाही शब्दाचा अर्थ घरात कुणाला ठाऊक नव्हता. कौटुंबिक इतिहासाचं काम करणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण सावकाश वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून ते तपशिलानं लिहितो आहे.

गाव आणि तिथली माणसं

हॅरिस नेक हे गाव मॅकिन्टॉश काउंटीत, सव्हाना शहराच्या दक्षिणेला खाड्यांच्या आणि दलदलीच्या प्रदेशात वसलेलं. जॉर्जिया आणि दक्षिण कॅरोलायनाचा हा सगळा किनारा एकेकाळी भाताच्या आणि कापसाच्या मळ्यांचा होता. दलदलीतलं भात पिकवणं गोऱ्या मळेवाल्यांना येत नव्हतं. ते येत होतं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांना: खाडीचं पाणी बांध घालून अडवणं, भरती-ओहोटीच्या हिशेबानं ते सोडणं, लाकडी उखळात भात कांडणं, विणलेल्या पसरट टोपल्यांत पाखडणं. म्हणून आजच्या सिएरा लिओनच्या बाजूची माणसं दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या बाजारात मुद्दाम मागवली जात आणि त्यांना जास्त भाव येई. सिएरा लिओन नदीच्या मुखातल्या बन्स बेटावर ब्रिटिशांची गुलामांच्या व्यापाराची गढी होती. तिथून निघालेली अनेक जहाजं थेट याच किनाऱ्याला लागली.

मळे दमट, डासांनी भरलेले. मलेरियाच्या भीतीनं गोरे मालक वर्षातले बरेच महिने शहरात राहत. त्यामुळे या पट्ट्यातली गुलाम माणसं इतर दक्षिणेपेक्षा जास्त एकत्र आणि जास्त एकांतात राहिली. त्यांची स्वतःची बोली तयार झाली. तिला कॅरोलायनाकडे गल्ला म्हणतात, जॉर्जियाकडे गीची. शब्द बरेचसे इंग्रजीचे, पण ठेका, वाक्याची घडण आणि कितीतरी नावं आफ्रिकेतली. घरोघर मुलांना दोन नावं असत: शाळेत, चर्चमध्ये सांगायचं एक आणि घरातलं टोपलीतलं नाव. हे दुसरं नाव अनेकदा मेंडे, व्हाय, योरुबा अशा पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतून आलेलं असे, आणि ठेवणाऱ्यांना ते फक्त ‘आजीनं ठेवलेलं’ म्हणून माहीत असे.

हॅरिस नेकची एक वेगळी कहाणी आहे. १८६५ साली मार्गारेट अॅन हॅरिस या जमीनमालकिणीनं मृत्युपत्रानं आपली जमीन रॉबर्ट डेलिगल या पूर्वीच्या गुलामाच्या नावे करून दिली. पुढे तिथे कृष्णवर्णीय कुटुंबांची स्वतःच्या मालकीची वस्ती उभी राहिली. शेती, मासे, कालवं, खेकडे, स्वतःचं चर्च, स्वतःची शाळा, स्वतःचं दफनभूमीचं रान. याच वस्तीत या प्रकरणातल्या कुटुंबातल्या अमेलिया डॉली राहत होत्या.

टर्नर यांची तबकडी

लोरेन्झो डाव टर्नर हे अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ. १९२९ साली दक्षिण कॅरोलायनातल्या ऑरेंजबर्गच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग घेत असताना त्यांच्या कानावर गल्ला बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची भाषा पडली. त्या काळी विद्वानांचं मत ठरलेलं होतं: ही अडाणी माणसांची मोडकी इंग्रजी. टर्नर यांना ते पटलं नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अवजड ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन ते किनाऱ्यावरच्या बेटांवर आणि खेड्यांत हिंडले. म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं, गाणी, प्रार्थना, गोष्टी, नावं जमवली. नंतर लंडनला जाऊन आफ्रिकी भाषा शिकले. १९४९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि गल्लात आफ्रिकी भाषांचा वाटा किती खोल आहे ते नाकारणं अवघड झालं.

हॅरिस नेकमध्ये अमेलिया डॉली यांनी त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं. ते आई-आजीकडून आलेलं. इंग्रजीचा त्यात शब्द नाही. टर्नर यांनी ते जसंच्या तसं टिपलं. पुढे अमेरिकेत शिकायला आलेल्या सिएरा लिओनच्या एका विद्यार्थ्यानं ती भाषा मेंडे असल्याचं सांगितलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरात टिकून राहिलेला आफ्रिकी भाषेतला बहुधा सर्वांत मोठा मजकूर म्हणून हे गाणं आज ओळखलं जातं.

टर्नर यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गाणाऱ्या बाईला अर्थ ठाऊक नाही, म्हणून त्यांनी गाणं निरर्थक ठरवलं नाही. ‘यातलं आपल्याला कळतंय तेवढं लिहून घेऊ’ असंही केलं नाही. प्रत्येक अक्षर, प्रत्येक आघात टिपला. पुढचं सगळं त्या एका शिस्तीवर उभं राहिलं.

अमेलिया डॉली १९५५ साली वारल्या. टर्नर १९७२ साली गेले. ध्वनिमुद्रण विद्यापीठाच्या संग्रहात सुरक्षित राहिलं, पण ज्या घरातून ते आलं त्या घराशी त्याचा संबंध उरला नाही. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सर्वांत दुखरा काळ हाच. अभ्यासकांकडे गाण्याचा अर्थ होता आणि अमेलिया यांच्या मुलीकडे गाणं होतं. दोघांमध्ये अर्धशतकाहून जास्त काळ कुणी निरोप्या नव्हता.

समुद्रापलीकडचा शोध

१९८८ साली सिएरा लिओनचे अध्यक्ष जोसेफ मोमो यांनी दक्षिण कॅरोलायनातल्या गल्ला वस्तीला भेट दिली आणि पुढच्या वर्षी गल्ला मंडळींचं एक पथक सिएरा लिओनला गेलं. या देवाणघेवाणीमागे मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ ओपाला यांचं बन्स बेटावरचं संशोधन होतं. टर्नर यांच्या तबकडीवरचं गाणं त्या निमित्तानं पुन्हा ऐकलं गेलं. लोकसंगीताच्या अभ्यासक सिंथिया श्मिट आणि सिएरा लिओनचेच भाषाशास्त्रज्ञ ताझीफ कोरोमा हे ओपाला यांच्यासोबत कामाला लागले.

प्रश्न साधा होता: मेंडे मुलखात हे गाणं अजून कुणी म्हणतं का? मुलूख मोठा, भाषिक लाखोंच्या संख्येनं. दिशा मिळाली ती कोरोमा यांच्या कानामुळे. गाण्यातला थडग्यासाठीचा एक शब्द सगळीकडचा नव्हता, तो दक्षिणेकडच्या एका भागातल्या बोलीचा होता. शोध त्या भागापुरता आवळला गेला. श्मिट गावोगाव ध्वनिफीत ऐकवत गेल्या. माणसं भाषा ओळखत होती, गाणं ओळखत नव्हती. शेवटी सेनेहुन न्गोला नावाच्या आडबाजूच्या गावात बेंदू जबाटी नावाच्या बाईनं ते ऐकलं आणि स्वतः म्हणायला सुरुवात केली. शब्दांत फरक होता, पण गाणं तेच.

बेंदू यांनी सांगितलं ते असं. मेंडे समाजात जन्माचे आणि मृत्यूचे विधी बायकांच्या हाती असतात. हे गाणं मर्तिकाचं. थडग्यापाशी होणाऱ्या तेंजामी, म्हणजे पैलतीरी जाण्याच्या विधीत ते म्हणत. भात शिजवून पूर्वजांना देत. गाण्याचा आशय साधारण असा: सगळे एकत्र या, कामाला हात लावा, थडगं अजून पुरं झालेलं नाही, गेलेल्याच्या जिवाला पूर्ण शांती मिळो, अवचित आलेलं मरण बंदुकीच्या बारासारखं, दूरच्या ढोलासारखं सगळ्यांना थबकवतं. ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांचा प्रसार झाल्यावर हा विधी गावात बंद पडला होता. तरी बेंदू यांच्या आजीनं नातीला गाणं शिकवलं आणि बजावून ठेवलं, की आपली हरवलेली माणसं कधीतरी परततील आणि या गाण्यावरून तू त्यांना ओळखशील.

आजीचं हे बोलणं पुरावा म्हणून मांडणं मी टाळेन. अशी भाकितं सांगताना माणसं नकळत मागचं पुढचं जुळवून घेतात. पण तिच्या हातून प्रत्यक्ष घडलेली गोष्ट वादापलीकडची आहे: ज्या विधीचा गावात उपयोग उरला नव्हता, त्याचं गाणं तिनं पुढच्या पिढीला तोंडपाठ करायला लावलं.

मेरी मोरन यांच्या घरी

गाव सापडल्यावर ओपाला आणि श्मिट जॉर्जियाला गेले. अमेलिया डॉली हयात नव्हत्या, हे अपेक्षितच होतं. पण त्यांची मुलगी मेरी मोरन हॅरिस नेकच्या हद्दीला लागूनच राहत होती. तेव्हा त्या सत्तरीच्या घरात होत्या. आई काही गाणं म्हणत असे का, असं विचारल्यावर त्यांनी ते म्हणून दाखवलं. त्यांच्या लेखी ते मुलांना खेळवण्याचं गाणं होतं. आईकडून ऐकलं, मुलांना म्हटलं, नातवंडांना म्हटलं. मरणाचं गाणं जॉर्जियाच्या अंगणात लेकरांच्या खेळात टिकून राहिलं होतं.

इथे थोडं थांबतो, कारण या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. गाण्याचा विधी गेला, कारण मळ्यावर मेंडे पद्धतीची अंत्यक्रिया रीतसर करणं शक्य नव्हतं. भाषा गेली, कारण त्या भाषेत रोज बोलायला पुरेशी माणसं नव्हती. वेगवेगळ्या मुलखांतली माणसं एका मळ्यावर आणलेली. अर्थ गेला. टिकला तो म्हणण्याचा प्रसंग. आईच्या मांडीवरचं मूल आणि आईचा गळा हे दोन्ही प्रत्येक पिढीत नव्यानं हजर होते, म्हणून गाण्याला दरवेळी जागा मिळत गेली. कुणी ‘आपला वारसा जपू’ म्हणून ते जपलं नव्हतं. ज्या आठवणीला घरात रोजचं काम मिळतं ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि समारंभापुरती बाहेर काढलेली आठवण समारंभ बंद पडला की विझते. सेनेहुन न्गोलात विधी बंद पडल्यावर गावानं गाणं सोडलं, आणि एका आजीच्या हट्टापायीच ते वाचलं.

मेरी आणि बेंदू यांची भेट लगेच घडली नाही. मार्च १९९१ मध्ये सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध पेटलं. खेडीच्या खेडी उठली. १९९६ च्या अखेरीस शांतता करार झाला आणि त्या उसंतीत, १९९७ साली, मेरी मोरन कुटुंबीयांसह सिएरा लिओनला गेल्या. मुलगा विल्सन बरोबर होता. सेनेहुन न्गोलाचे वृद्ध प्रमुख नबी जा यांनी मेरींसाठी तेंजामीचा विधी पुन्हा करायचं ठरवलं. तो कसा करायचा हे आठवणारी माणसं गावात मोजकीच होती. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या पाहुणीमुळे गावालाही आपल्या आज्या-पणज्यांचा एक विसरलेला आचार परत मिळाला. ही परतफेड दोन्ही बाजूंनी झाली, आणि प्रकरण सांगणारे बरेच जण ती गाळतात.

पळवून नेलेल्या बाईनं बाकी सगळं सोडून नेमकं हेच गाणं का जपलं असेल, असं ओपाला यांनी नबी जा यांना विचारलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. बरोबर नेण्यासारखी याहून मोलाची वस्तू तिच्याकडे नव्हती, कारण हे गाणं तिला सगळ्या पूर्वजांशी आणि त्यांच्या आशीर्वादाशी जोडून ठेवत होतं, असं ते म्हणाले. माणूस कोणत्या भाषेत रडतो त्यावरून तो कोण हे कळतं, अशी मेंडेंमध्ये म्हण आहे, तीही त्यांनी ऐकवली. त्याच वर्षी मे महिन्यात सिएरा लिओनमध्ये लष्करी उठाव झाला आणि वाट पुन्हा बंद झाली. युद्ध संपायला २००२ साल उजाडलं.

काय सिद्ध झालं, काय नाही

भावनेच्या भरात या प्रकरणातून भलतं काही काढू नये. मेरी मोरन आणि बेंदू जबाटी रक्ताच्या नातलग आहेत, हे गाण्यावरून सिद्ध होत नाही. अठराव्या शतकात हेच गाणं आसपासच्या अनेक गावांत म्हटलं जात असेल आणि बाकीच्या ठिकाणी विसरलं गेलं असेल. गाण्यानं दाखवली ती बोली, तो प्रदेश, आणि घरातली कुणी एक पूर्वज त्या मुलखातली बाई होती ही दाट शक्यता. बाईच, कारण मर्तिकाचं गाणं बायकांकडे होतं. तिचं नाव, तिचं जहाज, तिला आणलं ते साल गाण्यात नाही. पण जनगणनेच्या तक्त्यात ‘बाई, वय पस्तीस, काळी’ एवढंच शिल्लक राहिलेल्या एखादीबद्दल तिचं गाव कुठल्या बाजूचं, ती मृतांना कसा निरोप देत असे, हे कळणं थोडं नव्हे.

दुसरी मर्यादा मानवी आहे. मेरी मोरन यांच्यासारखी हजारो घरं त्या किनाऱ्यावर होती. प्रत्येक ठिकाणी टर्नर पोचले नाहीत. ज्या घरातली शेवटची गाणारी आजी १९२० साली गेली, त्या घराला आता काहीच करता येत नाही.

आपल्याकडे वंशावळ म्हटलं की त्र्यंबकेश्वरच्या किंवा नाशिकच्या उपाध्यायांच्या चोपड्या आठवतात, पंढरपूरच्या बडव्यांच्या वह्या आठवतात, कुलवृत्तांताचे जाडजूड खंड आठवतात. त्यांचं मोल आहेच. पण ज्यांना तीर्थयात्रा परवडत होती आणि ज्यांना ओसरीवर बसवून नाव लिहून घेतलं जात होतं, त्यांच्याच त्या नोंदी. त्यातही बाप, आजा, पणजा अशी पुरुषांची ओळ सलग आणि बायका कुठेतरी बाजूला. पणजीचं माहेरचं नाव विचारा, दहातल्या नऊ घरांत उत्तर येत नाही. तिच्याकडचं जे काही होतं ते जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. पिठाची गिरणी आली आणि ओवीचा रोजचा प्रसंग गेला. हॅरिस नेकमध्ये पाळणा-खेळ राहिला तसं इथे काही राहिलं नाही. म्हणून घरात ऐंशीच्या पुढची आजी असेल तर तिचं रेकॉर्डिंग करताना ‘हे काय गं, याचा अर्थ काय’ असं मध्येच थांबवू नये. कळत नसलेला शब्दही तसाच राहू द्यावा. पुढे तो ओळखणारा कान कुठे भेटेल, सांगता येत नाही. आणि त्या फायलीची एक प्रत तिच्या लेकीकडे, नातीकडे राहील हे पाहावं. संग्रहालयात गेलेली तबकडी घरी परतायला तिथे जवळपास साठ वर्षं लागली.

जमीन

या प्रकरणाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मिटलेली नाही. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेच्या केंद्र सरकारनं लष्करी धावपट्टीसाठी हॅरिस नेक ताब्यात घेतलं. सुमारे २,७०० एकर जमीन आणि ७५ कुटुंबं. मुदत जेमतेम काही आठवड्यांची. घरं पाडली, जाळली गेली. भरपाई कृष्णवर्णीय मालकांना एकरी २६.९० डॉलर आणि गोऱ्या मालकांना ३७.३१ डॉलर. उठलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हद्दीबाहेर लागून लहान तुकडे घेतले आणि तिथेच पुन्हा संसार मांडले. युद्ध संपल्यावर जमीन मूळ मालकांना मिळाली नाही; ती काउंटीकडे गेली आणि १९६२ पासून तिथे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. १९७९ साली वंशजांनी आत तंबू ठोकून ठाण मांडलं, न्यायालयात गेले, हरले. पुढे त्यांनी न्यास स्थापन करून पुन्हा मागणी लावून धरली.

या लढ्यात गाणं उपयोगी पडत नाही. तिथे लागतात १८६५ चं मृत्युपत्र, सातबाऱ्यासारखे मालकीचे उतारे, करभरणाच्या पावत्या, संपादनाच्या याद्यांतली नावं. ती जमवणारी माणसं त्याच घरांतली आहेत. गाणं आणि दस्त दोन्ही एकाच कपाटात ठेवणारी. आजही त्या जमिनीवर बगळ्यांची आणि करकोच्यांची वसाहत आहे, आत यायला पर्यटकांना मुभा आहे, आणि जमिनीचा ताबा सरकारकडे आहे.